साडेपाचची राखण

माझा धाकटा भाऊ दारू पीत होता तोपर्यंत मी गावातला सगळ्यात चांगला माणूस होतो. ही बढाई नाही, लोकच तसं म्हणायचे. एकाच आईची दोन लेकरं, एक गुरुजी निघाला आणि एक बेवडा. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी मयतीला बसलेल्या लोकांतसुद्धा आमची तुलना व्हायची आणि मी मान खाली घालून ऐकायचो. वर बघितलं असतं तर मला किती बरं वाटतंय ते लोकांना दिसलं असतं.

आमचं गाव राज्याच्या सीमेलगत, हिंदी मुलखाच्या बाजूला, कटंगीपासून सायकलने अर्ध्या तासावर. गावच्याच प्राथमिक शाळेत मी शिकवतो. शाळेत हिंदी, घरात मराठी आणि बाजारात ज्याला जी जमेल ती, असा आमचा कारभार. आमची वस्ती बौद्धांची. आमचे आजोबा तुमसरकडून इकडे आले. वस्तीत विहार आहे, पुढे टिनाचं शेड आहे, आणि विहाराची किल्ली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पौर्णिमेला पंचशील मीच म्हणवून घेतो. मी पुढे म्हणायचं आणि वस्तीने मागून.

मी जन्मात दारूला शिवलो नाही. बिडी नाही, खर्रा नाही, सुपारीचं खांडही नाही. आणि नुसता स्वतः कोरडा राहून गप्प बसलो असंही नाही. वीस वर्षं मी या गावात नशाबंदीचं काम केलं. शाळेच्या भिंतीवर गेरूने घोषवाक्यं लिहिली, हिंदीत, यमक जुळवून. प्रभातफेऱ्या काढल्या, ग्रामसभेत भाषणं केली. माझ्या भाषणाला पहिल्या रांगेत पिणारेच बसायचे आणि टाळ्याही त्यांच्याच जोरात वाजायच्या. भाषण संपलं की त्यातला एखादा हमखास जवळ यायचा, माझा हात दोन्ही हातांत धरायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. "गुरुजी, एकदम सही बोलले तुमी," म्हणायचा आणि तिथूनच मोहाची दारू मिळते त्या घराकडे वळायचा. वीस वर्षांत माझं ऐकून एकाने जरी सोडली असेल, तरी त्याने मला अजून कळवलेलं नाही.

भाऊ भरवेलीला खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली होता. पंधरा वर्षं प्यायला. आधी पगाराच्या दिवशी, मग शनिवारी, मग काही वार वगैरे उरला नाही. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. काम सुटलं आणि तो गावात येऊन पडला. पडला म्हणजे शब्दशः. कधी नालीत, कधी बसथांब्यावर. मी त्याला उचलून खांद्यावर घालून घरी आणायचो. मी येताना दिसलो की लोक बाजूला होऊन वाट द्यायचे आणि बाया एकमेकींना म्हणायच्या, केवढं सहन करते बिचारा. भावाचं ओझं होतं, पण त्या बायांचं बोलणं मला आवडायचं हेही खरं आहे.

मग त्याने सोडली.

नागपूरकडे एका व्यसनमुक्ती केंद्रात त्याला मीच नेऊन घातलं होतं. हे मुद्दाम नमूद करतो, कारण आता दुसरं कोणी करत नाही. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा गाल भरले होते आणि हातात कापडी पिशवी होती. आईने चहा केला. त्याने बशीत ओतला, बशी उचलली, एक थेंब न सांडता प्यायला. आईने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. मी तिथेच शेजारी बसून तोच चहा पीत होतो. मी चाळीस वर्षं एक थेंब न सांडता चहा पितो आहे. माझ्या चहाला कधी कोणी रडलं नाही.

मला हेवा वाटला. सख्ख्या भावाचा, आणि तोही कशाबद्दल, तर तो वाचला याबद्दल. मी स्वतःला रागावलो, आईच्या पाठीवर हात फिरवला, बाहेर येऊन सायकलची चेन साफ करत बसलो. वाटलं, दोन दिवसांत जाईल.

गेला नाही, वाढला. सहा महिन्यांनी त्याची बायको मुलीला घेऊन परत आली. येतानाच तिने सांगून टाकलं की एक घोट जरी पोटात गेला तर ती त्याच दिवशी जाईल आणि मग कोणी न्यायला येऊ नये. तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशीपासून लोकांच्या शेतावर मजुरीला जाऊ लागला. हळूहळू एकेक पिणारा त्याच्याकडे येऊ लागला. कोणी दुपारी बांधावर, कोणी संध्याकाळी दारात. "कशी सोडली बे?" म्हणून विचारायचे. तो काय सांगायचा कोण जाणे, कारण तो बोलणारा माणूसच नाही. पण आलेला माणूस परत यायचा. पुढे चार झाले, सात झाले, आणि दर गुरुवारी दुपारी चार वाजता त्यांनी विहाराच्या शेडमध्ये बसायचं ठरलं. आमचा बाजार बुधवारी असतो, आणि ज्याचा पाय घसरतो त्याचा बाजारच्या दिवशी घसरतो, म्हणून दुसरा दिवस धरला.

त्या बसण्याचे दोन नियम होते. आत बसायचं तर आधी प्रत्येकाने आपलं सांगायचं: काय प्यायलो, पिऊन काय केलं, कोणाचं वाटोळं केलं. आणि दुसरा नियम, कोणी कोणाला उपदेश करायचा नाही. हा दुसरा नियम मलाच समोर ठेवून केला असावा असं मला आजही वाटतं. पण मला बाहेर ठेवलं ते पहिल्याने. सांगायला माझ्याकडे काही नव्हतंच. मी किल्ली घेऊन जायचो, कुलूप काढायचो, चटई अंथरायचो आणि बाहेर पायरीवर बसायचो. त्यांचं झालं की चटई गुंडाळायची, कुलूप लावायचं. वीस वर्षं नशाबंदी करणाऱ्या माणसाला नशाबंदीच्या बैठकीत हे काम मिळालं.

आणि मग ती राखण. धान पिकायला आलं की आमच्याकडे रानडुकरांसाठी शेतात राखण असते. शेजारीशेजारी पाळ्या लावून माचणीवर बसतात. या लोकांनी तेच माणसांना लावलं. दारू सोडलेल्याला दिवसभर काही वाटत नाही म्हणे, पण साडेपाच ते आठ ही वेळ वाईट. उन्हं उतरली, कामावरून सुटला, की आतून ओढ लागते. तर ज्याला ओढ लागली त्याने गुरुवारी सरळ सांगायचं, "माही राखण करा," आणि बाकीच्यांनी पाळ्या वाटून घ्यायच्या. पाळीवाल्याने साडेपाचला त्याच्या दारात जायचं आणि आठपर्यंत त्याच्याजवळ बसायचं. दोरी वळा, कुडव्यातले तांदूळ निवडा, रेडिओ ऐका, काहीही करा. त्याला एकटं सोडायचं नाही आणि शहाणपण शिकवायचं नाही. बस, एवढंच. आठ वाजले की घरी. मी पायरीवर बसून हे ऐकलं तेव्हा इतकी साधी गोष्ट मला वीस वर्षांत का सुचली नाही म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या राखणीने वर्षभरात नऊ माणसं धरून ठेवली. माझ्या गेरूने एकही नाही.

लोक त्याला भाऊ म्हणू लागले. काल-परवापर्यंत "तो गुरुजीचा बेवडा" म्हणून ज्याची ओळख होती तो लहानथोर सगळ्यांचा भाऊ झाला, आणि एकदा कटंगीला बसमध्ये एका अनोळखी माणसाने मला विचारलं, "तुमी भाऊचे दादा ना?" मी हो म्हणालो आणि एक थांबा आधीच उतरलो.

माघी पौर्णिमेला तर कळस झाला. वंदनेच्या आधी वस्तीतले दोन वडीलधारे माझ्याकडे आले आणि चाचरत म्हणाले, "गुरुजी, पंचशील तुमीच घ्या. पन पाचवं तेवढं भाऊले म्हनू द्या." पाचवं शील नशा न करण्याचं. मी म्हणालो, अवश्य, त्यात काय. चार शीलं मी म्हटली, लोकांनी नेहमीसारखी म्हटली, झोपेतून उठल्यासारखी. मग तो उभा राहिला. उच्चार चुकीचे, सूर कुठल्या कुठे. आणि अख्खी वस्ती अशी एका आवाजात म्हणाली की पत्रे वाजले. हत्या, चोरी, व्यभिचार आणि खोटं यांतलं काहीही न केलेला मी बाजूला हात जोडून उभा होतो.

घरी येऊन मी ताट सरकवलं. बायको माझी नाडी ओळखून आहे. तिने ताट पुन्हा पुढे केलं आणि म्हणाली, "तुमी बी दोन-तीन वर्सं प्याले पाह्यजे होते. आता सोडली असती तं कामी आली असती." आणि पदरात तोंड खुपसून हसली. मला हसू आलं नाही. तिचं म्हणणं मनातून पटलं होतं, म्हणून तर अजिबातच आलं नाही.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. ते मी टाळत आलो आहे.

धानाची कापणी झाल्यावरचा एक रविवार. वस्तीतल्या बायांनी ठराव केला होता की वस्तीत कोणी मोहाची गाळायची नाही आणि विकायचीही नाही. सकाळी त्यांना वस्तीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या तणसाच्या ढिगात दोन कॅन सापडले. गर्दी झाली. गावची चौकीदारी करणारा कोटवार आला, मीही गेलो. म्हातारी कमरेवर हात देऊन उभी. "बैलाइचं पानी हाय ते," ती म्हणाली, "मोह भिजवला व्हता." आता आमच्याकडे बैलांना मोहफुलं भिजवून घालतात हे खरंच आहे, त्यामुळे तिला खोटं पाडायचं तर कोणीतरी पुढे होऊन ठामपणे सांगायला हवं होतं. कोटवार म्हणाला, "पक्कं सांगा कोनी, मी उगाच लिहू कसा?"

आणि कोणी बोलेना. कॅनचं झाकण उघडलेलं, वास साऱ्या गल्लीत, आणि शंभर माणसांपैकी एकाला तो ओळखू येईना! बायांनी पदर नाकाला लावले होते, कारण मला हा वास ठाऊक आहे म्हणणं म्हणजे आमच्या घरी येते हे चारचौघांत कबूल करणं. पुरुषांचं तर विचारूच नका. ज्यांना रोज लागते ते आभाळाकडे बघत होते. आमच्या गावाची ही तऱ्हा आहे, सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि साक्षीला कोणी उभा राहत नाही.

एक बाई म्हणाली, "गुरुजी, तुमी सांगा ना." मी वाकून वास घेतला. मला कळलं होतं. इतकी वर्षं तो वास मी खांद्यावरून वाहून आणला होता, मला नाही तर कोणाला कळणार? मी तोंड उघडणार इतक्यात मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजीले का समजते त्याच्यातलं?" आणि लोक हसले.

हसण्यात वाईट काही नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. पायरी, चटई, पाचवं शील, आईचा पदर, सगळं एकदम वर आलं. आणि मी अगदी गोड आवाजात म्हणालो, "खरं हाय. माह्या भावाले बोलवा. त्याच्याएवढी पारख कोनाले हाय?"

लोक पुन्हा हसले, या वेळी माझ्या बाजूने. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने त्याच वेळी काडी ओढून बिडी पेटवली. मी ती काडी बघितली. पाचवीच्या मुलांना मी जळणारे पदार्थ शिकवतो. चमचाभर जमिनीवर ओतायची, काडी लावायची, निळी ज्योत उठली की दारू, नाही उठली की पाणी. शेंबडं पोरही सांगेल. मला ते आठवलं, स्पष्ट आठवलं, आणि मी बोललो नाही.

भाऊ आला तेव्हा बिडीवाला विझलेली बिडी पुन्हा काडी ओढून पेटवत होता. काय आहे ते, आणि मी काय म्हणालो तेही, लोकांनी त्याला सांगितलं. तो कॅनजवळ बसला, वाकला, आणि माझ्या लक्षात आलं की त्याने श्वास धरून ठेवला आहे. मग घेतला. "दारू हाय," म्हणाला.

म्हातारी खमकी. "वासानं का व्हते? मोहाच्या पान्याले बी तोच वास. चाखून सांग. तुले तं सवय हाय."

त्याने वर माझ्याकडे बघितलं. सोडून दोन वर्षं होऊन गेली होती त्याला. मी मोठा भाऊ, गावचा गुरुजी. नुसतं "नको" म्हणालो असतो तरी कोणी पुढे एक शब्द बोललं नसतं. मी नजर फिरवली. त्याने बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. ते बोट तोंडात जरा जास्तच वेळ राहिलं असं मला वाटलं.

"दारू हाय," तो म्हणाला. "पयल्या धारेची."

टाळ्या वाजल्या. बायांनी कॅन नालीत उपडे केले, कोटवाराने लिहून घेतलं. आणि मी तिथे उभा राहून काय विचार करत होतो? की टाळ्या पुन्हा यालाच मिळाल्या. तो हँडपंपावर गेला, चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली. सात-आठ चुळा मी मोजल्या आणि घरी आलो.

आई त्याच्याकडेच राहते; सोमवारी ती म्हणाली, भावाने ताटात भाकरी तशीच ठेवली. मंगळवारी बायकोने सांगितलं की तो दोनदा आमच्या दारावरून गेला आणि दोन्ही वेळा काही काम नसताना. बुधवारी तो बाजाराला गेला नाही. हे ऐकून मला भीती वाटायला पाहिजे होती. आधी वाटला तो आनंद. अगदी थोडा, पण होता, खोटं कशाला लिहू. आता बघू कोण पाचवं शील म्हणतं, असं माझं मन म्हणालं आणि मी त्याला म्हणू दिलं.

बुधवारी संध्याकाळी भावाची बायको आमच्या घरी आली. मी तिचा भासरा; आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. ती डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहिली आणि माझ्या बायकोला सांगू लागली. मी चार हातांवर खाटेवर बसलेलो, सगळं मला ऐकू यावं म्हणूनच सांगत होती.

"बाई, तीन दिस झाले, सांज झाली का ते भिंतीकडं तोंड करून बसते. मले म्हनते बाहेरून कडी लाव. कडी लावली तं अंदरून दार ढकलते. काल हात जोडले माह्यासमोर. मले समजत नायी का झालं एकदम." तिने पदर पुढे ओढला. मग म्हणाली, "पोरीचे कपडे मी पिशवीत भरून ठेवले हायेत. दादाजीले एवढं सांगा."

ती गेल्यावर बायकोने माझ्याकडे बघितलं. ती त्या रविवारी गर्दीत होती. ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. पोरगी तिसरीत माझ्याच वर्गात आहे, पहिल्या रांगेत बसते.

गुरुवारी चारला मी कुलूप काढलं, चटई अंथरली, बाहेर पायरीवर बसलो. भाऊ सगळ्यांत शेवटी आला. दाढी वाढलेली. माझ्याजवळून आत जाताना त्याने माझ्या खांद्यावर क्षणभर हात टेकला. पायरी चढायला आधार हवा म्हणून की काय, मला कळलं नाही.

आत त्यानेच सुरुवात केली. "रविवारी मी जिभीले लावली," तो म्हणाला. "थेंबच व्हता. पन तवापासून मले ते सोडून काही दिसत नायी. अजून प्यालो नायी. पन पीन, असं वाटून राह्यलं. माही राखण करा."

ज्याने या सगळ्यांची राखण केली होती तो आज राखण मागत होता. मग एकजण म्हणाला, "आज मी." दुसरा शुक्रवार म्हणाला, तिसरा शनिवार. रविवारपासून मात्र अडलं. दोघं तिरोडीकडे कामाला जाणार होते, एकाच्या घरी लग्न, बाकीच्यांची मळणी. कोणी म्हणालं एक-दोन दिस रिकामे जाऊ द्या, भाऊ घट्ट माणूस हाय. भावाने माझ्या नावाचा उल्लेख केला नव्हता. रविवारी कोणी बोलावलं, का बोलावलं, एक अक्षर नाही.

मी उठलो आणि आत गेलो.

"गुरुजी, तुमी नायी," एकजण हळूच म्हणाला. "नियम हाय ना. तुमी कधी घेतलीच नायी."

"घेतली नायी," मी म्हणालो, "पन मले सांगायचं हाय."

आणि मी उभ्यानेच सांगितलं. की वास मला ओळखू आला होता. की काडी लावली असती तरी काम झालं असतं आणि ते मला त्या वेळी आठवलं होतं. की त्याला बोलावलं ते त्याची पारख हवी म्हणून नाही, त्याचा हात थरथरताना लोकांनी बघावा म्हणून. की म्हातारी चाख म्हणाली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड फिरवलं. की आईच्या चहापासून हे चाललं आहे. की तो प्यायला लागला तर मी पुन्हा चांगला माणूस होईन, असं मला वाटत होतं. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की वीस वर्षांत पहिल्यांदाच गावातले पिणारे माझं बोलणं खाली मान घालून, टाळी न वाजवता ऐकत आहेत, आणि त्याचंही मला जरासं बरं वाटलं. असा मी आहे.

मग म्हणालो, "रविवारपासून रोजची पाळी मले द्या."

कोणीतरी दातओठ खाऊन म्हणालं, "यायले कशी द्याची? याइनंच तं केलं." त्याचं बरोबर होतं. मी भावाकडे बघितलं. तो चटईचा निघालेला धागा ओढत होता.

"मले मालूम व्हतं, दादा," तो म्हणाला. "बिडीवाल्याची काडी म्या बी पाह्यली."

"मंग चाखली काहून?"

त्याने धागा तोडला. "तू मले इतकी वर्सं उचलून आनलं, पन चार लोकात 'माहा भाऊ' कधी म्हटलं नायी. त्या दिवशी म्हटलं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मले समजलं तू कायले म्हनून राह्यला. तरी बी मले गोड लागलं."

मी तिथेच खाली बसलो. कोणी मला बाहेर जा म्हणालं नाही. मग भाऊच बोलला.

"साडेपाचले येजो. आन माह्यासंग काही बोलू नको. नुसता बस."